नववा रकाना

अर्जात एकूण चौदा रकाने आहेत.
नववा कौशल्याचा,
लांबी माझ्या दोन बोटांएवढी,
खाली बारीक अक्षरात: प्रमाणपत्र जोडावे.

अशोक चौकातल्या ह्या ऑफिसात
सहा वर्षं मी तो भरतोय.
खरं तर भरत नाही, एक आडवी रेघ मारतो.
रेघ मारायचं प्रमाणपत्र
मला कुणी मागितलं नाही.

सत्तव्वा मादगुंडी, वय बावन्न,
विडी घरकुलातून दोन वाहनं बदलून आली.
शिक्षण? "तिसरी. तेबी तेलुगूत."
अनुभव?
"कसला वो अनुभव. घरातच होते की.
विड्या वळत होते."
किती वर्षं?
तिनं थोरल्या लेकीचं वय सांगितलं
आणि त्यात चार मिळवले.

तेवढ्यात पंख्यानं अर्जांची चळत उडवली.
ती वाकली, गोळा केली,
कडा ठोकून सारख्या केल्या,
न बघता अंगठा फिरवला.
"पन्नासला एक कमी हाय."
मी मोजले. एकोणपन्नास.
पन्नासावा तिचाच,
माझ्या पेनाखाली, रेघ मारायच्या बेतात.

मग विचारत बसलो.
पान किती ओलं ठेवायचं,
कातरी कुठून फिरवली म्हणजे शीर आडवी येत नाही,
लाईट गेल्यावर पंचवीसचा कट्टा कसा बांधायचा.
चोवीसचा कट्टा
हाताला उपाशी लागतो, म्हणाली.

हे दोन बोटांत मावेना.
कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी असते
हे सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून फोन आला.
"पाठीमागं निबंध कुणी लिहिलाय?"
मी.
"चेकर पाहिजे मला. हिची दहावी कुठाय?"
शेठ, टॉवेलांची तरी कुठं झालीय?
तिकडे कुणीतरी हसलं, बहुतेक शेठच.
"पाठवा. दोन तास बघतो."

दोनशेची थप्पी. तिनं तळहात फिरवत नेला,
चार टॉवेल बाजूला काढले.
सुपरवायझरनं उजेडात धरले:
एकात ताणा सुटलेला, दोनांत लूप दबलेले.
चौथ्यात काही सापडेना.
"धुवून बघा," ती म्हणाली.
धुतला. वाळेपर्यंत कुणी बोललं नाही.
वाळला, आणि कड आवळून वर आली.

बाहेर येऊन ती हसली नाही.
"ब्रँचला तीस वर्षं
मुनीम माझ्या विड्यांतनं छाट काढायचा.
चांगल्याबी काढायचा. पैसे कापायचा.
आता मी काढू का छाट, दुसऱ्याच्या हाताची?"

ह्याचा रकाना माझ्याकडे नव्हता.

ती लागली कामाला. लागण्याआधी भांडली.
पाचशे वाढवून घेतले, आणि एक अट:
खराब टॉवेल आधी विणणाऱ्याला दाखवायचा,
मग वहीत लिहायचा.

त्या रात्री कपाट उघडलं.
रेघा, रेघा, रेघा.
मैनोद्दीन नदाफचा अर्ज, तीन वर्षांपूर्वीचा.
बारा वर्षं मागांमध्ये वाढलेला पोरगा.
"साहेब, मला चालवता येत नाही नीट.
ऐकू येतं फक्त.
चाळीस मागांत कुठल्याची कांडी संपत आलीय ते."
मी तेव्हा चष्मा पुसत होतो.
रेघ बघा किती सरळ आलीय.

नंबर लागेल असं वाटलं नव्हतं.
तो पुण्यात, एका कंपनीच्या गेटवर,
गाड्यांचे नंबर लिहितो.
मी माझं नाव सांगितलं, ऑफिसचं सांगितलं,
माफी कशी मागायची ह्याची जुळवाजुळव करत
थोडा वेळ गप्प राहिलो.

पलीकडून तोही गप्प. मग म्हणाला,
"साहेब, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.
खाली बसू नका."

मी खुर्ची सरकवली.
पेन उचललं.